तुंबलं की आधी ओतू नका, आधी बघा
घरातली दुरुस्ती : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये बहुतेक प्रश्न संडास, मोरी आणि सिंकचेच आहेत आणि सुरुवात जवळजवळ सगळ्यांची सारखीच, की आम्ही हे ओतलं, ते ओतलं, काही फरक पडला नाही. म्हणून सगळ्यांनाच एक कळकळीची विनंती, बाटली उचलायच्या आधी थोडा वेळ नुसतं पाण्याकडे बघा. पाणी कुठे थांबतंय, कुठून वर येतंय, आवाज कधी येतो, एकाच ठिकाणी होतंय की दोन-तीन ठिकाणी, एवढं कळलं की काय करायचं ते बऱ्याचदा आपोआप कळतं.

प्रश्न : दादा, किचन सिंकचं पाणी आठवडाभर झाला अगदी हळू उतरतंय. सोडा आणि व्हिनेगर टाकलं, फेस मस्त आला पण पाणी तसंच. मग ड्रेन क्लीनरची पावडर टाकली, त्यानंतर तर आणखीनच बसलं. आता यापेक्षा स्ट्राँग काही आणू का?

नका आणू ताई. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की एकमेकांना निकामी करतात, उरतं ते जवळजवळ खारट पाणी आणि गॅसचे बुडबुडे, फेस बघून बरं वाटतं पण पाइपमध्ये चिकटलेल्या तेलकट थराला त्याने फारसं काही होत नाही. पावडरीत बहुतेक कॉस्टिक सोडा असतो, तो ताकदवान आहे हे खरं, पण पाणी साचलेलं असताना टाकला तर तो खालपर्यंत नीट पोचत नाही, तेलाबरोबर मिळून साबणासारखा गोळा होतो, कधी कधी स्वतःच दगडासारखा घट्ट बसतो. तुमच्याकडे पावडरीनंतर वाढलं म्हणताय ते त्यामुळेच असू शकतं.

आता काय करायचं ते सांगतो. सिंकखाली जो बाटलीसारखा किंवा वाकडा भाग असतो ना, तोच ट्रॅप, बऱ्याच वेळा गाळ तिथेच असतो. पण तुम्ही कॉस्टिक टाकलंय म्हणून आधी रबरी ग्लोव्हज आणि डोळ्यांवर चष्मा, हे अजिबात टाळू नका. सिंकमधलं साचलेलं पाणी मगाने काढून घ्या, ट्रॅपखाली बादली ठेवा, मग बॉटल ट्रॅपचा खालचा पेला हाताने डावीकडे फिरवून काढा. प्लॅस्टिकचा असेल तर पान्हा लावू नका, आटे तुटतात. आतला गाळ काढा, जुन्या ब्रशने घासा, वॉशर कसा बसला होता ते लक्षात ठेवा, मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर उत्तम. आणि एक, काढलेला ट्रॅप त्याच सिंकमध्ये धुवायला जाऊ नका, खाली पाइप उघडा आहे, सगळं पाणी कपाटात येईल, घाईत हे खूप जणांकडून होतं. परत लावताना हातानेच घट्ट करा, पाणी सोडा आणि जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा, टिश्यू भिजला तर वॉशर वाकडा बसलाय.

ट्रॅप स्वच्छ निघाला तर अडथळा भिंतीतल्या पाइपमध्ये आहे, तिथे स्प्रिंग, म्हणजे पाइप मोकळा करायची लांब लवचीक तार, घालावी लागेल. स्प्रिंग जोर लावून ढकलायची नसते, फिरवत फिरवत पुढे न्यायची, अडकली की थोडी मागे घ्यायची, परत फिरवायची. हे जमत नसेल तर प्लंबर बोलवा पण त्याला आत कॉस्टिक टाकलंय हे आधी सांगा, त्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे.

उकळतं पाणी ओतू का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. प्लॅस्टिकचे पीव्हीसी पाइप साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर नरम पडायला लागतात, जोड सुटतात, त्यामुळे उकळतं नको, हात घालता येईल इतपत गरम पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड सोप, तेही पाइप चालू असताना, पूर्ण तुंबल्यावर त्याचा उपयोग नाही. खरा उपाय सिंकच्या अलीकडे आहे, तेलकट भांडं धुवायच्या आधी कागदाने पुसून घ्यायचं. तेल-तूप गरम असताना पाण्यासारखं वाहतं आणि पाइपमध्ये गार झालं की चिकट थर होऊन बसतं.

प्रश्न : फ्लश केला की पाणी नुसतं गोल फिरतं आणि हळूहळू जातं, पूर्ण साफ होत नाही. कमोड बदलावा लागेल असं एकाने सांगितलं. खरंच बदलायचा का?

थांबा, आधी बादलीची टेस्ट करा. एक बादली पाणी घ्या आणि कमोडमध्ये एका दमात, पण उडणार नाही असं, ओता. पाणी झटकन घळाघळा निघून गेलं तर कमोड आणि लाइन दोन्ही चांगले आहेत, गडबड टाकीकडून येणाऱ्या पाण्यात आहे. पाणी वर चढून हळूहळू उतरलं तर पुढे अडथळा आहे. एवढ्या एका टेस्टने उगाच कमोड बदलायचे खूप खर्च वाचतात, म्हणून मी प्रत्येकाला आधी हेच करायला सांगतो. अर्धी बादली ओतून पाणी वर चढताना दिसलं तर लगेच थांबा, नाहीतर बाहेर सांडेल.

पाणी झटकन गेलं असेल तर टाकीचं झाकण काढून बघा, पाणी किती भरतंय. आत एक उभी ओव्हरफ्लोची नळी असते, तिच्या तोंडापासून साधारण अडीच सेंटीमीटर खाली पाणी थांबायला हवं. त्याहून फारच खाली थांबत असेल तर फ्लोटचा, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या भागाचा, स्क्रू फिरवून लेव्हल वाढवा. लेव्हल बरोबर असेल तर कमोडच्या कडेखाली आरसा धरून बघा, तिथे बारीक भोकं असतात, पाणी जड असेल तर ती क्षाराने बुजतात. व्हिनेगरमध्ये भिजवलेला टिश्यू रात्रभर कडेखाली चिकटवून ठेवा आणि सकाळी प्लॅस्टिकच्या काडीने भोकं मोकळी करा. व्हिनेगर इथे कामाचं आहे, क्षार त्यात विरघळतो.

प्रश्न : रात्री कोणी वापरत नसताना फ्लशची टाकी आपोआप भरल्याचा आवाज येतो. घरातले म्हणतात दुर्लक्ष कर. करू का?

दुर्लक्ष अजिबात करू नका. टाकी आपोआप भरतेय याचा अर्थ त्यातलं पाणी गुपचूप कुठेतरी जातंय. हिशोब करून बघा, पाच मिनिटांत फक्त १ लिटर पाणी गळत असेल तरी दिवसाला २८८ लिटर होतात, आणि ही गळती डोळ्याला दिसत पण नाही कारण ती कमोडच्या भिंतीवरून पातळ थर होऊन उतरते. चांगलं पाणी असं जाताना मला फार वाईट वाटतं.

शोधायचं असं. टाकीचं झाकण काढा, आत खायच्या रंगाचे थोडे थेंब टाका, मग पंधरा-वीस मिनिटं कोणीही फ्लश करायचा नाही. कमोडमधल्या पाण्यात रंग उतरला तर तळाचा वॉशर, म्हणजे फ्लॅपर किंवा फ्लश व्हॉल्व्हचं रबर, गेलं. रंग उतरला पण टाकीतलं पाणी ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाशी पोचलंय, तर रबर ठीक असू शकतं, पाणी वरून त्या नळीतून जातंय, म्हणजे पाणी भरणारा फिल व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीये. दोन्हींत फरक करायचा असेल तर भिंतीवरचा अँगल कॉक, म्हणजे टाकीला पाणी देणारा नळ, बंद करा, टाकीत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण करा आणि तासाभराने बघा. पाणी खाली उतरलं तर तळाचं रबर, तिथेच राहिलं तर फिल व्हॉल्व्ह.

रबर बदलायच्या आधी एकदा काढून धुवून बघा, बऱ्याचदा नुसता क्षार किंवा चिकट थर बसलेला असतो, आणि ज्या कडेवर ते टेकतं ती कडही बोटाने चाचपून बघा, खरखरीत लागली तर मऊ स्क्रबरने साफ करा नाहीतर नवीन रबरही गळणार. नवीन आणताना जुनं सोबत न्या, साइज आणि आकार खूप वेगवेगळे येतात. आणि टाकीत टाकायच्या त्या निळ्या-पांढऱ्या क्लोरीनच्या वड्या शक्यतो नकोतच, त्यांचं पाणी दिवसरात्र रबरावर असतं आणि रबर लवकर खराब होतं.

प्रश्न : गेस्ट बाथरूम फारसं वापरात नाही. दार उघडलं की गटारासारखा वास येतो. रोज फिनाइल टाकतो, तरी येतो. पाइप फुटला असेल का?

पाइप फुटण्याची शक्यता कमी आहे, आधी साधं कारण बघू. प्रत्येक मोरीखाली, कमोडमध्ये, बेसिनखाली वाकडा भाग मुद्दाम दिलेला असतो, त्यात साधारण ५० मिलिमीटर उंचीचं पाणी कायम उभं राहतं आणि तेच गटारातला वास अडवतं. ही युक्ती जुनी आहे, अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली अशा वाकड्या नळीचं पेटंट घेतलं होतं आणि आजही आपण त्याच पाण्यावर अवलंबून आहोत. बाथरूम काही आठवडे वापरलं नाही की हे पाणी वाळतं, मग अडवायला काही उरत नाही. फिनाइल नुसतं वरून वास झाकतं.

दोन मग पाणी मोरीत, एक बेसिनमध्ये, कमोडला एक फ्लश, आणि आठवड्यातून एकदा हे चालू ठेवा. जास्त दिवस बाहेर जाणार असाल तर पाण्यावर चमचाभर खायचं तेल सोडा, तरंगतं आणि पाणी लवकर उडत नाही. पाणी घातल्यावरही दोन दिवसांत वास परत आला तर मोरीची जाळी उचला, खाली वाटीसारखा भाग बसवलेला असतो, तो कोणीतरी साफ करताना काढून परत लावलाच नाही असं पुष्कळ घरांत सापडतं.

प्रश्न : कमोडचा फ्लश केला की शेजारच्या मोरीतून गुडगुड आवाज येतो आणि वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की तेच पाणी मोरीतून वर येतं. मोरी दोनदा साफ केली. आता काय राहिलं?

मोरीचा दोष नाहीये, ती बिचारी फक्त सांगतेय. दोन वेगवेगळ्या ठिकाणचं पाणी एकाच वेळी अडतंय म्हणजे अडथळा जिथे त्या दोघांच्या लाइन एकत्र होतात त्याच्या पुढे आहे. पाण्याला पुढे जागा नाही म्हणून ते सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं आणि ते तोंड म्हणजे मोरी. आता आधी एक करा, वॉशिंग मशीन आणि फ्लश बंद ठेवा, जितकं पाणी सोडाल तितकं घरात येईल.

तळमजल्याचं घर असेल आणि बाहेर चेंबर, म्हणजे ड्रेनेज लाइनवरचा झाकणाचा खड्डा, असेल तर झाकण बाजूला करून उभ्यानेच बघा. चेंबर काठोकाठ भरलेलं असेल तर अडथळा चेंबरच्या पुढे आहे, कोरडं किंवा नुसतं ओलसर असेल तर घर आणि चेंबरच्या मध्ये. हे कळलं की प्लंबरला कुठून स्प्रिंग किंवा जेट घालायचं ते लगेच सांगता येतं. वरच्या मजल्यावर राहत असाल तर खालच्या-वरच्या घरात विचारा, त्यांच्याकडेही होत असेल तर उभी लाइन तुंबलीय आणि ते काम सोसायटीने करायचं, तुमच्या एकट्याचं नाही.

नुसता गुडगुड आवाज आहे, पाणी वर येत नाही, असं असेल तर व्हेंट पाइपचा संशय घ्या, तो गच्चीवर उघडा गेलेला पाइप असतो, त्यातून लाइनला हवा मिळते. त्यात घरटं, पानं, काही पडून तो बंद झाला की फ्लशचं धावतं पाणी हवा ओढायला मोरीच्या ट्रॅपमधूनच ओढतं, म्हणून आवाज, आणि मागोमाग वाससुद्धा, कारण ट्रॅपचं पाणी ओढलं जातं.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये कोणीही उतरायचं नाही, आणि दुसऱ्या कोणालाही पैसे देऊन उतरवायचं नाही, खोली कमी वाटली तरी नाही. आत हायड्रोजन सल्फाइड साचतो, थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येत नाही म्हणून माणसाला वाटतं हवा चांगली आहे आणि तो क्षणात बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. मशीनने उपसणारी गाडी बोलवा, थांबावं लागलं तरी थांबा.

प्रश्न : टॉयलेट क्लीनरने डाग जात नव्हते म्हणून वरून ब्लीच टाकलं. दोन मिनिटांत इतका ठसका लागला की बाहेर पळाले. हे नॉर्मल आहे का?

नाही ताई, हे धोकादायक आहे आणि तुम्ही बाहेर पळालात ते फार चांगलं केलंत. टॉयलेट क्लीनरमध्ये बहुतेक ॲसिड असतं, ब्लीच त्यात पडलं की क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेलं काच पुसायचं क्लीनर ब्लीचमध्ये मिसळलं तरी विषारी वायू होतो. परत असं झालं तर आत काही धुवायला थांबू नका, ताबडतोब बाहेर, शक्य असेल तर जाताना खिडकी उघडा, लहान मुलांना आणि दम्याच्या माणसांना लांब न्या, खोकला, छातीत दुखणं, श्वास लागणं थांबलं नाही तर सरळ डॉक्टर. आत्ता तुम्हाला अजून धाप लागत असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि दाखवून या. एका वेळी एकच क्लीनर, भरपूर पाण्याने धुवायचं, दुसरं वापरायचं तर दुसऱ्या दिवशी.

प्रश्न : वेट वाइप्सच्या पाकिटावर फ्लश करता येतात असं लिहिलंय. करावेत का?

नको. टिश्यू पाण्यात सुटा होतो, बहुतेक वाइप्स होत नाहीत, खरखरीत जोडावर अडकतात आणि त्यावर तेल चढत जातं. लंडनला व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात अशाच वाइप्स आणि चरबीचा २५० मीटर लांब, १३० टन वजनाचा गोळा सापडला होता. पॅड, डायपर, कापूस, दात साफ करायचा फ्लॉस, केस, हे सगळंच डस्टबिनमध्ये. डायपरमधली पावडर तर पाणी पिऊन फुगते, ती आत अडकली तर काढणं महाकठीण.

प्रश्न : कमोडच्या बुडाशी सतत ओल असते. सिलिकॉन भरून टाकू का सगळीकडून?

आत्ताच भरू नका, भरलं तर पाणी दिसायचं थांबेल, गळायचं नाही, ते लादीखाली जाईल. आधी सगळं कोरडं पुसा, टाकीपासून खालपर्यंत. फ्लश न करताही ओल आली तर टाकीचा पाइप, कॉक, नाहीतर दमट हवेत टाकीवर जमलेले थेंब असतील. फक्त फ्लश केल्यावरच आली तर कमोड आणि ड्रेनच्या मधला जोड गेलाय. कमोड दोन्ही हातांनी हलवून बघा, डुगडुगत असेल तर तेच कारण, कारण हलून हलून जोड सुटतो. त्यासाठी कमोड उचलून जोडाचं सील नवीन घालावं लागतं, हे काम प्लंबरकडूनच करून घ्या, चिनी मातीचं भांडं जड असतं आणि बोल्ट जास्त आवळला की तडकतं. सील बदलल्यावर सिलिकॉन लावा पण मागच्या बाजूला थोडी फट सोडा, पुढे कधी गळलं तर लगेच दिसेल.

प्रश्न : बाथरूममध्ये बारीक केसाळ माशा झाल्यात, स्प्रे मारला की दोन दिवस कमी, परत येतात.

त्या मोरीच्या आतल्या चिकट थरात अंडी घालतात, उडणाऱ्या मारून उपयोग नाही. रात्री कोरड्या जाळीवर चिकटपट्टी लावा, चिकट बाजू खाली, थोडी फट ठेवून. सकाळी माशा चिकटलेल्या दिसल्या तर मोरी नक्की तीच. मग लांब दांड्याच्या ब्रशने पाइपच्या भिंती खरवडून घासा, एकदा करून थांबू नका, दोन-तीन आठवडे दर चार दिवसांनी करा म्हणजे राहिलेली अंडीही संपतील.

प्रश्न : मुलाने छोटं खेळणं कमोडमध्ये टाकलं, फ्लशही केला. पाणी हळू जातंय. प्लंजर मारू का?

प्लंजर नको, स्प्रिंगसुद्धा ढकलू नका, कडक वस्तू अजून आत जाऊन वाकड्या भागात पक्की बसते. फ्लश करणं बंद करा, पाणी मगाने काढा, ग्लोव्हज घालून हात जाईल तिथपर्यंत चाचपून बघा. नाही लागलं तर कमोड उचलून मागच्या बाजूने काढतात, प्लंबरला काय टाकलंय ते, आकारासकट, आधीच सांगा.

प्लंजर मऊ घाणीसाठी असतो. तो मारतानाही कप बुडेल इतकं पाणी हवं, पहिला दाब हळू द्यायचा म्हणजे आतली हवा निघते, मग सील न सोडता वरखाली. खेचण्यालाही दाबण्याइतकंच महत्त्व आहे. सिंकवर मारताना ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. ॲसिड किंवा कॉस्टिक टाकलं असेल तर प्लंजर मुळीच नाही, तोंडावर उडतं.

प्रश्न : घरात कायम काय काय ठेवावं?

दोन प्लंजर, सिंकचा सपाट आणि कमोडचा खाली गळा असलेला, हे एकमेकांच्या जागी वापरायचे नाहीत. एक हाताने फिरवायची स्प्रिंग, जाड ग्लोव्हज, चष्मा, बादली, टेफ्लॉन टेप, तुमच्या ट्रॅपच्या मापाचे दोन वॉशर. आणि घरातल्या प्रत्येकाला अँगल कॉक कुठे आहेत ते दाखवून ठेवा, टाकी वाहायला लागली की धावपळीत तेच सापडत नाहीत. कॉक वर्षानुवर्षं फिरवला नाही की जाम होतो, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एकदा बंद करून परत उघडत जा.